जुन्या कागदांच्या फोटोंची पीडीएफ: ऑनलाइन साइटवर करावी की घरच्या कॉम्प्युटरवर?

सह्यवारा (रविवार, सकाळी ९:४०)

मंडळी नमस्कार. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी फडताळात जुन्या कागदांचं दप्तर निघालंय. खरेदीखतं, गहाणखतं, फेरफाराच्या नकला, एक वाटपपत्र, काही मोडीत तर काही बाळबोध (देवनागरीत). मूळ कागद तिथेच नीट ठेवलेत आणि चुलतभावाने सगळ्यांचे मोबाईलवर फोटो काढलेत, दीडशेच्या आसपास असतील, थोडे त्याच्या अँड्रॉइडवर आणि थोडे वहिनीच्या आयफोनवर. आता हे एका मोडी वाचकांना पाठवायचेत आणि पुणे, ठाणे, बडोदा, न्यू जर्सी असे विखुरलेले आम्ही सगळे भावंडं आहोत त्यांनाही. सुटे फोटो पाठवले की कुठला दस्त कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हेच कळत नाही, म्हणून प्रत्येक दस्ताची वेगळी पीडीएफ करायची ठरवलीय.

नेटवर बघितलं तर फोटो टाका पीडीएफ घ्या अशा साइटी ढिगाने आहेत. कुठे फोटोंची मर्यादा, कुठे पानावर त्यांचंच नाव उमटतं, कुठे आधी लॉगिन मागतात. असले कागद तिथे चढवणं बरोबर आहे का? आणि नसेल तर ज्याला कॉम्प्युटरची फार सवय नाही त्याने घरच्या घरी कसं करावं? फाइल मेलने जाईल एवढी लहानही हवी आणि अक्षर वाचताही यायला हवं.

टेबलफॅन (सकाळी ९:५२)

विंडोज १० किंवा ११ आहे का? सगळे फोटो सिलेक्ट करा, राइट क्लिक, प्रिंट, प्रिंटरच्या जागी 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडा. ११ मध्ये प्रिंट लगेच दिसलं नाही तर 'शो मोअर ऑप्शन्स' मध्ये मिळेल. फुकट, नेट नको, साइट नको.

पानगळ (सकाळी १०:१५)

मी थोडं वेगळं सांगते. मुलांचे ॲडमिशनचे कागद, सोसायटीची बिलं, भाडेकरार, सगळं मी मोबाईलवरच ऑनलाइन करते आणि कधी काही वाईट झालेलं नाही. नावाजलेल्या साइट तास-दोन तासात फाइल काढून टाकतो असं स्वच्छ लिहितात. ज्याच्याकडे लॅपटॉपच नाही त्याने काय करायचं? उगाच घाबरवून सोडण्यात अर्थ नाही, साइट कुठली ते बघून वापरावी एवढंच.

खडूफळा (सकाळी १०:४०)

पानगळ ताई, तुमच्या मुलांचे कागद आणि हे कागद यात फरक आहे. खरेदीखतावर नावं, सह्या, अंगठे, सर्व्हे नंबर, चतुःसीमा सगळं असतं. ते एकदा आपल्या हातातून दुसऱ्याच्या सर्व्हरवर गेलं की त्यांनी खरंच काढून टाकलं का हे आपण तपासणार कसं? त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, बस.

आणि ही नुसती शंका नाहीये. मार्च २०२५ मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर ऑफिसने जाहीर सूचना काढली होती की फुकट फाइल बदलून देणाऱ्या काही साइट तुमची फाइल खरोखर बदलून देतात, काम झालेलं दिसतं, पण त्याबरोबर कॉम्प्युटरमध्ये व्हायरस सोडतात आणि चढवलेल्या फाइलमधली माहितीही उचलतात. काम चोख झालं म्हणून साइट चांगली, असं समजायची सोय राहिलेली नाही.

स्कॅनिंगच्या ॲपचंही तेच. २०१९ मध्ये कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीला कॅमस्कॅनर या स्कॅनिंगच्या अँड्रॉइड ॲपमध्ये जाहिरातींच्या भागातून घुसलेला मालवेअर सापडला होता, आणि जून २०२० मध्ये भारत सरकारने जी ५९ ॲप बंद केली त्यातही ते होतं. तोवर आपल्याकडे कितीतरी जणांचे आधार-पॅन त्यात जमा झालेले होते.

पानगळ (सकाळी ११:०५)

म्हणून तर मी नावाजलेल्या म्हटलं. गुगलवर सगळ्यात वर जाहिरात म्हणून जी येते ती उघडू नये, पत्ता नीट वाचावा, आणि 'डाउनलोड' म्हणत एक्सई किंवा एपीके (म्हणजे प्रोग्रॅम इन्स्टॉल करणारी फाइल) गळ्यात मारायला लागली तर तिथूनच परत फिरावं. फोटोंची पीडीएफ करायला काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही. पण जमिनीच्या कागदांपुरतं तुमचं म्हणणं पटतंय.

हापूसवाला (सकाळी ११:२०)

आमच्या घराण्याच्या ग्रुपवर कागद आले होते तेव्हा दर दोन पानांच्या मध्ये काकांचं 'शुभ सकाळ' आणि कमळाचं फूल. पुतणीने सगळे फोटो एकदम उचलून पीडीएफ केली. आमच्या वाटपपत्रात पान ७ वर आजही सुविचार आहे आणि त्यावर कोणाही भाऊबंदाची हरकत नाही :)

एडिसनकर (सकाळी ११:४८, इकडे मध्यरात्र उलटून गेलीय)

वहिनींच्या आयफोनबद्दल. २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ आल्यापासून, आयफोन फोटो जेपीजीऐवजी एचईआयसी मध्ये ठेवतो. जागा कमी लागते पण बऱ्याच विंडोज कॉम्प्युटरवर ते उघडत नाहीत आणि मग लोक 'एचईआयसी टू जेपीजी' अशी आणखी एक साइट शोधत बसतात. पुढच्या फोटोंसाठी सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स मध्ये जाऊन 'मोस्ट कंपॅटिबल' करून टाका.

जे आधीच काढलेत त्यांची पीडीएफ फोनवरच होते. फोटोमध्ये हवे ते निवडायचे, शेअर, प्रिंट, आणि जे छोटं पान दिसतं त्यावर दोन बोटं फाकवायची, ते मोठं होतं आणि ती पीडीएफच असते, तिथून पुन्हा शेअर. नवे कागद असतील तर नोट्स ॲपमधलं 'स्कॅन डॉक्युमेंट्स' सरळ पीडीएफच देतं, कडा वगैरे आपोआप सरळ करून. अँड्रॉइडवाल्यांना गुगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये स्कॅनचं बटण असतं, ते पण चांगलं आहे. मॅक असेल तर फाइंडरमध्ये फोटो निवडून राइट क्लिक, क्विक ॲक्शन्स, क्रिएट पीडीएफ.

सेतूवाला (दुपारी १२:३०)

माझं ई-सेवा केंद्र आहे, दिवसभर हेच काम. लोकं पीडीएफ कशी करायची विचारतात पण खरी गडबड फोटोतच असते बघा. ट्यूबलाइटखाली उभं राहून फोटो काढतात, मोबाईलची सावली कागदावर पडते, कागद मांडीवर धरलेला, एक कोपरा अंगठ्याखाली. मग ते व्हॉट्सॲपवर मला पाठवतात, तिथे फोटो आणखी दाबला जातो, म्हणजे साइझ कमी करायला त्यातला बारकावा जातो. अशा फोटोची जगातल्या कुठल्याही साइटने चांगली पीडीएफ होणार नाही.

दादा, कागद खिडकीजवळ जमिनीवर किंवा टेबलावर पसरा, उजेड बाजूने येऊ द्या, फ्लॅश बंद. खाली गडद रंगाचं कापड घाला म्हणजे कागदाची कड कळते. फोन कागदाच्या बरोबर वर, आडवा-तिरका नाही. घड्या असतील तर इस्त्री फिरवू नका, काल एकाने तसं केल्याचं सांगितलं मला, कागद जुना असला तर चुरा होतो. काच असेल तर वर ठेवा नाहीतर हाताने हळू सपाट करा. आणि भावाला सांगा फोटो व्हॉट्सॲपने पाठवायचे असले तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, गॅलरीतून नको. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की जसा काढला तसाच येतो.

साइझचं म्हणाल तर सरकारी फॉर्मला २०० केबी ५०० केबी असली मर्यादा असते म्हणून आम्हाला दाबावं लागतं. तुम्हाला कोणी तशी अट घातलेली नाही. उगाच दाबू नका.

टेबलफॅन (दुपारी १२:४१)

इस्त्री!! बाप रे.

पायथॉनपंत (दुपारी १:१०)

सेतूवाले दादांना +१. आता थोडं आतलं सांगतो, इस्कटून सांगायचा प्रयत्न करतो.

पीडीएफ हे नुसतं पाकीट आहे. आत काय घालायचं ते आपण ठरवतो. जेपीजी फोटो पीडीएफमध्ये जसाच्या तसा ठेवता येतो, त्याला हातही न लावता. पण बहुतेक साइट आणि प्रिंटची वाट काय करते, तर फोटो उघडते, पानाच्या मापाला लहान-मोठा करते आणि परत दाबून ठेवते. जेपीजी दर वेळी दाबताना थोडं काहीतरी टाकून देतं, टाकलेलं परत मिळत नाही. म्हणून व्हॉट्सॲपवर एकदा, साइटवर एकदा, मग 'साइझ कमी करा' म्हणून आणखी एकदा, असं झालं की अक्षराच्या कडेने धूळ उडाल्यासारखी दिसते.

लिनक्सवर आयएमजीटूपीडीएफ नावाचं एक छोटं फुकट टूल आहे ते बरोबर हेच करतं, जेपीजीला न दुखवता पाकिटात घालतं. फोटो ५० एमबीचे असतील तर पीडीएफ पण ५० च्या आसपासच. इमेजमॅजिक नावाच्या दुसऱ्या टूलनेही होतं पण ते परत दाबतं, आणि २०१८ नंतर बऱ्याच ठिकाणी त्यात पीडीएफ सुरक्षेसाठी बंद करून ठेवलेली असते म्हणून एरर येते. हे दोन्ही नको असेल तर लिबरऑफिस ड्रॉ या फुकट प्रोग्रॅममध्ये फोटो पानांवर ठेवून एक्सपोर्ट करा, तिथे फोटोची क्वालिटी आणि डीपीआय (एका इंचात किती ठिपके) आपल्याला निवडता येतो.

साधा हिशोब: ए४ कागद ३०० डीपीआयने म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. १२ मेगापिक्सेलचा फोन साधारण ४००० बाय ३००० देतो, म्हणजे कागद फ्रेमभर घेतला तर ३०० च्या वरच जातो. वाचायला २०० पुरतं. १५० च्या खाली हस्ताक्षराचा कागद नेऊ नये असं माझं मत.

पानगळ (दुपारी १:२५)

पंत, पाकिटाचं कळलं, पण सह्यवारांनी विचारलंय सवय नसलेल्याने काय करायचं, आणि तुम्ही त्यांना लिनक्सवर बसवताय :)

पायथॉनपंत (दुपारी १:३३)

मान्य. विंडोजवर पीडीएफ२४ चा डेस्कटॉपवर टाकायचा प्रोग्रॅम मिळतो, फुकट आहे आणि सगळं आपल्याच मशीनवर होतं. फोटो ओढून टाकायचे, क्रम लावायचा, सेव्ह. त्यांचीच वेबसाइटही आहे, तिथे मात्र फाइल अपलोड होते, तेवढं लक्षात ठेवून डेस्कटॉपवालाच घ्या. स्कॅनर असेल तर नॅप्स२ हा स्कॅनिंगचा फुकट प्रोग्रॅम बघा.

सह्यवारा (संध्याकाळी ५:५०)

सगळ्यांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. टेबलफॅन यांची वाट आधी करून बघितली. पीडीएफ झाली पण दोन गोष्टी. एक म्हणजे लांबट कागदांच्या वरच्या-खालच्या ओळी कापल्या गेल्या. दुसरं, पानांचा क्रम १, १०, ११, १२ आणि मग २ असा काहीतरी लागतोय. हे का होतंय?

टेबलफॅन (संध्याकाळी ६:०४)

प्रिंटच्या खिडकीत खाली 'फिट पिक्चर टू फ्रेम' असा चौकोन असतो, त्यातली खूण काढा. ती आधीपासून लावलेलीच असते, आणि फोटो पान भरेल एवढा मोठा करून उरलेलं कापून टाकते. खूण काढली की कडेला पांढरं राहील पण कागद पूर्ण येईल.

पायथॉनपंत (संध्याकाळी ६:१५)

आणि क्रमाचं: बरेच प्रोग्रॅम नाव अक्षर-अक्षर करून लावतात, त्यांना १० हे २ च्या आधी वाटतं. नावं ००१, ००२ अशी ठेवा, प्रश्न मिटला. दोन फोनचे फोटो आहेत म्हणून तारखेवर लावायलाही जाऊ नका, दोघांच्या घड्याळात आणि फाइल कॉपी झाल्याच्या वेळेत घोळ होतो.

बोरूदौत (रात्री ८:२०)

मी हौसेने मोडी वाचते, लोक मला असे कागद पाठवत असतात, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने लिहिते आहे. कृपया हे वाचा.

स्कॅनच्या ॲपमध्ये कागद एकदम पांढराशुभ्र आणि अक्षर काळंकुट्ट करणारा जो फिल्टर असतो तो मोडीसाठी अजिबात वापरू नका. बघायला फार सुंदर दिसतं, पण बोरूने लिहिलेल्या अक्षरात जाड-बारीक रेघा असतात आणि बारीक रेघ, फिकी शाई, एखादा काना, हे सगळं तो फिल्टर डाग समजून पुसून टाकतो. मोडीत हात न उचलता लिहिलेलं असतं, शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. वाचणारा एकेका वळणावर अवलंबून असतो. ते वळण गेलं की 'दिल्हे' (म्हणजे दिले) आहे की आणखी काही हे सांगता येत नाही. रंगीत फोटो ठेवा, पिवळा कागद पिवळाच दिसू दे. डाग कुठला आणि शाई कुठली हे रंगावरूनच कळतं.

कड कापू नका. ओळीचं शेवटचं अक्षर समासात घुसलेलं असतं आणि पुढची ओळ तिथूनच चालू होते. मागची बाजू कोरी वाटली तरी तिचा फोटो घ्या, तिथे शेरा, शिक्का, दुमाला दिल्याची नोंद असते. कागद लांब असेल तर आधी पूर्ण कागदाचा एक फोटो आणि मग तुकड्यांचे, प्रत्येक तुकड्यात मागच्या तुकड्याच्या दोन-तीन ओळी परत येऊ द्या. शेजारी एक पट्टी ठेवली तर उत्तम.

फाइलला नाव देताना कागदावर शालिवाहन शकाचं वर्ष असेल तर शकच लिहा, फसली (जुनं महसुली वर्ष) असेल तर फसली. शके १७८० म्हणजे इसवी सन १८५८-५९ हे नंतर काढता येतं, पण आधीच कोणीतरी चुकीचं इसवी सन घातलं की पुढे सगळे तेच धरून चालतात.

सेतूवाला (रात्री ८:४५)

ताई, मागच्या बाजूचं लाखातलं सांगितलंत. फेरफाराच्या नकलेवर पण मंजुरीचा शेरा बऱ्याचदा मागेच असतो.

पायथॉनपंत (रात्री ९:१०)

बोरूदौत ताईंच्या मुद्द्याला जोडून एक खरी घडलेली गोष्ट. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल नावाच्या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही ऑफिसातली मोठी मशीन स्कॅन करताना आकडेच बदलत होती. घराच्या नकाशावर वेगवेगळ्या खोल्यांचं क्षेत्रफळ एकच छापून येत होतं. फाइल लहान करायला ते मशीन एकसारखे दिसणारे तुकडे शोधायचं आणि एकाच्या जागी दुसरा चिकटवायचं, ६ च्या जागी ८ वगैरे. अक्षर पुसट झालं असतं तर कोणीही ओळखलं असतं, पण आकडा स्वच्छ छापलेला आणि चुकीचा! कंपनीला नंतर त्यासाठी सॉफ्टवेअरची दुरुस्ती द्यावी लागली.

म्हणून सर्व्हे नंबर, गुंठे, आणे असले कागद 'मॅक्सिमम कॉम्प्रेशन' ला लावूच नये. मूळ फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये तसेच ठेवा, पीडीएफ ही पाठवायची प्रत समजा.

खडूफळा (रात्री ९:२५)

हे वाचून अंगावर काटा आला. सातबाऱ्यावर ६ चा ८ झाला तर तीन पिढ्या कोर्टात.

काळाकोट (रात्री ९:५०)

कोर्टाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. घरी केलेली पीडीएफ ही वाचायला, वकिलाला दाखवायला, भावंडांत वाटायला. कुठे दाखल करायची वेळ आली तर मूळ कागद किंवा संबंधित कार्यालयाची प्रमाणित नक्कलच लागते. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झालाय, त्यातही इलेक्ट्रॉनिक नोंद द्यायची तर कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यामुळे स्कॅन झालं म्हणून मूळ कागद टाकून देऊ नका, असं करणारे लोक मी पाहिलेत.

आजचा सातबारा हवा असेल तर फोटो काढूच नका, राज्य सरकारच्या महाभूमी साइटवरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा थेट पीडीएफमध्ये मिळतो आणि तो चालतो. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने अभिलेखही तिथे स्कॅन करून ठेवलेत, तुमच्या गावचे आहेत का बघा, म्हणजे घरच्या कागदांशी ताडून पाहता येईल.

रव्यातलाडू (रात्री १०:०५)

अवांतर होतंय, पण आजीची पाककृतींची वही आहे, तिचे फोटो काढून पीडीएफ केली तर त्यातले शब्द शोधता येतील का? म्हणजे 'अनारसे' टाकलं की ते पान यावं.

पायथॉनपंत (रात्री १०:२०)

नुसत्या फोटोंच्या पीडीएफमध्ये शोधता येत नाही, तिथे अक्षरं नसतात, चित्रं असतात. छापील मराठी असेल तर फाइल गुगल ड्राइव्हवर टाकून 'ओपन विथ गुगल डॉक्स' केलं की बऱ्यापैकी मजकूर सुटा होऊन येतो, फाइल २ एमबीच्या आत ठेवली तर बरं. टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅममध्येही मराठी आहे, ते घरच्या मशीनवर चालतं. पण आजीचं हस्ताक्षर असेल तर फार आशा ठेवू नका. त्यापेक्षा पहिल्या पानावर अनुक्रमणिका टाइप करून जोडा, अनारसे पान १४, असं.

रव्यातलाडू (रात्री १०:२४)

हे भारी आहे, अनुक्रमणिका करते. मोडीचं पण असं होतं का?

बोरूदौत (रात्री १०:४०)

मोडीला युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवरच्या लिप्यांच्या जागतिक यादीत) जागा मिळाली २०१४ साली, त्यामुळे मोडी टाइप करता येतं. पण जुनं हस्तलिखित मशीनने भरवशाने वाचावं, तेही जमिनीच्या कागदावर, असं मी तरी कोणाला सांगणार नाही. माणसाकडूनच वाचून घ्या.

एडिसनकर (सोमवार, सकाळी ७:१५)

एक राहिलं. फोनच्या फोटोत जागेचं लोकेशन लपलेलं असतं, आणि पंत म्हणाले तसं जेपीजी जसाच्या तसा पाकिटात घातला तर ते लोकेशनही आत जातं. घरच्यांना पाठवायला हरकत नाही, पण बाहेरच्या कोणाला पाठवताना आधी काढून टाका. आणि अलीकडच्या कागदांवर आधार नंबर वगैरे असेल तर तो पीडीएफ केल्यानंतर वर काळा चौकोन ठेवून झाकू नका, तो चौकोन नुसता हलवून खालचं वाचता येतं. जानेवारी २०१९ मध्ये पॉल मॅनफोर्टच्या (ट्रम्प यांच्या २०१६ च्या प्रचाराचा एकेकाळचा प्रमुख) वकिलांनी कोर्टात दिलेल्या पीडीएफमध्ये काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर कॉपी-पेस्ट करून पत्रकारांनी वाचला होता. फोटोवरच गडद रंगाने खोडा आणि मग पीडीएफ करा. फोनमधलं हायलायटरचं पेन नको, ते अर्धं पारदर्शक असतं.

सह्यवारा (सोमवार, रात्री ९:३०)

आज बसून पहिला दस्त पूर्ण केला. भावाकडून फोटो डॉक्युमेंट म्हणून परत मागवले, वहिनींचे फोनवरच जेपीजी करून घेतले, नावं ००१ पासून लावली, पीडीएफ२४ डेस्कटॉपवर टाकून दस्तवार फाइल. रंग तसाच ठेवलाय, दाबलेलं काही नाही. मेलला मात्र जात नाहीये, २५ एमबी म्हणतात पण २० ची पण घेत नाहीये.

पायथॉनपंत (रात्री ९:४१)

मेलमध्ये जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे १८ च्या आसपासच खरी मर्यादा समजा. ड्राइव्हवर फोल्डर करून भावंडांच्या मेल पत्त्यांनाच बघण्याची परवानगी द्या, 'लिंक असलेला कोणीही' असं ठेवू नका. किंवा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून, तिथे २ जीबीपर्यंत जातं.

सह्यवारा (रात्री १०:५५)

फोल्डर केला, सगळ्यांना उघडतंय. बोरूदौत ताई, तुम्हालाही व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, सवडीने एकदा बघाल का वाचण्याजोगं झालंय का, म्हणजे बाकीचे तसेच करतो.

बोरूदौत (मंगळवार, सकाळी ८:१०)

बघितलं. गहाणखत आहे, शके १८०२ चं. वाचता येतंय, पान ४ ची डावी कड तेवढी कापली गेलीय, ओळींची पहिली अक्षरं दिसत नाहीत, ते पान परत काढून पाठवा. बाकीचे दस्त याच पद्धतीने करा.